कुठं निघालात?

त्या गावात पहिल्या रविवारी मी सकाळी फिरायला बाहेर पडलो आणि अर्ध्या तासात सहा-सात जणांनी मला एकच प्रश्न विचारला. कुठं निघालात? डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या बाईनं विचारलं. सायकलला दुधाच्या किटल्या अडकवलेल्या पोरानं खाली उतरून विचारलं. ओढ्यात बैल धूत असलेल्या माणसानं तर मान न वळवता विचारलं. मी प्रत्येकाला सांगितलं, "कुठं नाही, असंच." बैलवाल्यानं मग मान वळवली. "असंच?" म्हणाला, आणि हातातला काथ्या तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला.

मी ठाण्याचा, खारकर आळीतला. आमच्याकडे असंच फिरणं ही चांगली सवय मानतात. संध्याकाळी तलावपाळीला दोन फेऱ्या मारायच्या, ओळखीचं कोणी भेटलं की "काय, फिरायला?" "हो, फिरायला." झालं. त्यामुळे एकविसाव्या मिनिटाला सातव्यांदा तोच प्रश्न आल्यावर मला राग यायला लागला. यांना काय करायचंय, असं शहरातलं वाक्य मनात आलं. ते मी बोलून दाखवलं नाही एवढं बरं केलं.

१९९१ साली बँकेनं माझी बदली मुरबाड तालुक्यातल्या एका शाखेत केली. गावाचं नाव सांगत नाही, सरळगाव ते टोकावडे या पट्ट्यातलं धरा. घरी असं वातावरण झालं की मला काळ्या पाण्यावर पाठवताहेत. जिल्हा मात्र तोच होता. ठाणे जिल्ह्याला तेव्हा सगळे सागरी, नागरी, डोंगरी म्हणायचे. पालघर वेगळा व्हायला २०१४ साल उजाडायचं होतं आणि डहाणूचा कोळीवाडा, उल्हासनगरची बाजारपेठ आणि माळशेजचा पायथा एकाच कलेक्टरच्या हाताखाली होता. मी नागरीतून डोंगरीत गेलो, एवढंच. लोकलनं कल्याण, पुढं एसटी. रायत्याच्या पुलावरून उल्हास नदी ओलांडली की खिडकीतून येणारा वारा बदलायचा. मुरबाडला तेव्हा रेल्वे नव्हती. आजही तिथं गाडी जात नाही. त्या तालुक्याचं बरंचसं बरंवाईट मला वाटतं याच एका गोष्टीत आहे.

खोली मिळाली ती एका भातशेतकऱ्याच्या पडवीतली. एक भिंत विटांची, तीन कुडाच्या. कारवीच्या काठ्या उभ्या लावून वरून शेणमातीचा लेप दिलेला. पहिल्या रात्री मला वाटलं भिंतीपलीकडे कोणीतरी खोकतंय. खरंच खोकत होतं, म्हैस. दोघांच्या मध्ये चार बोटं कूड होता. पहिला विंचू आठव्या दिवशी निघाला, उशीखालून. घरमालकीणबाईंनी तो चिमट्यानं उचलून चुलीत टाकला आणि म्हणाल्या, "चप्पल झटकून घालत जा." पुढची तीन वर्षं मी चप्पल झटकून घातली. अजून घालतो. ठाण्यात दहाव्या मजल्यावर.

तिसऱ्या रविवारनंतर आमच्या शाखेतल्या शिपाईमामांनी मला बाजूला घेतलं.

"साहेब, रविवारी तुम्ही कुठं जाता?"

"फिरायला."

"ते खरं, पण कशाला?"

"असंच, मामा."

मामा जरा वेळ विचारात पडले. मग म्हणाले, "गावात म्हशी हलवतायत."

प्रकरण असं होतं. तेव्हा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कर्जं जोरात होती. २ ऑक्टोबर १९८० पासून हा कार्यक्रम देशभर लागू झाला होता आणि त्यातली फार मोठी रक्कम आमच्यासारख्या शाखांतून दुभत्या जनावरांवर जायची. आदिवासी कर्जदाराला निम्मं अनुदान, उरलेलं बँकेचं कर्ज. आता कागदावर म्हैस असणं आणि गोठ्यात म्हैस असणं यांत कधी कधी अंतर पडायचं. कोणी ती विकलेली असायची, कोणी मेहुण्याची म्हैस आपली म्हणून दाखवलेली असायची. अशा मुलखात बँकेचा माणूस रविवारी, रिकाम्या हातानं, बांधाबांधानं गोठ्यांकडे बघत हिंडतो आणि विचारलं तर "असंच" म्हणतो. त्याचा अर्थ सगळ्यांनी एकच लावला होता. मी पूर्वेला निघालो की पूर्वेकडच्या पाड्यावर म्हशी जात, पश्चिमेला निघालो की परत.

"तुम्हाला हिंडायचंच असंल," मामा म्हणाले, "तर काहीतरी काम घेऊन हिंडा. मोकळा माणूस बघितला की लोकांच्या पोटात गोळा येतो."

मग मी कामं घ्यायला लागलो. कोणाच्या पासबुकात व्याज भरायचं राहिलेलं असलं तर ते नेऊन द्यायचं. मामांच्या बहिणीकडे सुकटीची पुडी पोचवायची. पोस्टमनला ताप आला तेव्हा दोन पाड्यांची पत्रंही वाटली, बेकायदेशीर होतं बहुतेक. आणि खरंच, वाट बदलली. "कुठं निघालात?" "अमक्याकडं, पुडी द्यायला." "मग इकडून कशाला? चढणीच्या अंगानं जा, ओढ्याला पाणी आहे." त्या प्रश्नातली ही दुसरी बाजू मला कळायला दोन महिने लागले होते. विचारणाऱ्याला माझ्या खाजगी आयुष्यात रस नव्हता. पुढची वाट कशी आहे ते त्याला ठाऊक होतं, मला नव्हतं. आणि मी कुठं निघालोय हे कळल्याशिवाय त्याला ते सांगता येत नव्हतं.

आता एका म्हशीच्या कानाची गोष्ट सांगतो.

ऑगस्टात एका सकाळी, धो धो पाऊस, काउंटरपुढं ठाकूर या आदिवासी समाजातले एक गृहस्थ येऊन उभे राहिले. पन्नाशीचे असतील. डोक्यावरचं इरलं त्यांनी बाहेर भिंतीला टेकवलं होतं आणि हातात सागाच्या पानात गुंडाळून सुतळीनं बांधलेलं काहीतरी होतं. मला वाटलं मासे. पावसाच्या दिवसांत शेतात मासे चढतात, कोणीतरी प्रेमानं आणून देतं. त्यांनी पुडी काउंटरवर ठेवून सोडली. आत म्हशीचा कान होता. काळा, केसाळ, कापल्या बाजूला मीठ चोळलेलं, आणि मध्यभागी पितळी बिल्ला.

"म्हस मेली," ते म्हणाले.

ज्यांनी ग्रामीण शाखेत वर्षं काढली नाहीत त्यांना हे किळसवाणं वाटेल, पण रीत तीच होती. कर्जाच्या जनावराचा विमा असतो, विम्यासाठी कानात क्रमांकाचा बिल्ला मारतात, आणि जनावर मेलं की पशुवैद्यकाचा दाखला, पंचनामा आणि बिल्ल्यासकट कान सादर करायचा. नुसता बिल्ला चालत नाही. तो कोणीही उपटून आणेल. कान मात्र खोटा आणता येत नाही. मी पितळेवरचं शेवाळ अंगठ्यानं पुसलं, क्रमांक लिहून घेतला, कागद केले, पाठवले. मॅनेजरसाहेबांनी कान परत गुंडाळायला सांगितला आणि त्या दिवशी डबा खाल्ला नाही.

मे महिन्यात कागद परत आले. शेरा होता, बिल्ल्याचा क्रमांक मूळ प्रस्तावाशी जुळत नाही.

मी मूळ प्रस्ताव काढला. अक्षर माझंच होतं. म्हैस घेतली त्या दिवशी एप्रिलच्या उन्हात कोणाच्या तरी ओट्यावर बसून मी फॉर्म भरले होते, पशुवैद्यक कानाशी वाकून आकडे ओरडत होते, मी लिहीत होतो. शेवटचा आकडा मी इंग्रजी एक लिहिला होता. बिल्ल्यावर सात होता. डोक्यावर एक छोटी आडवी रेघ, ती द्यायला विसरलो होतो. एका माणसाचा दावा तेवढ्यावर नऊ महिने पडून राहिला होता.

नवं प्रतिज्ञापत्र, नवा पंचनामा, नवा अंगठा. त्यांना बोलावून घ्या, मॅनेजरसाहेब म्हणाले. मी म्हणालो, मी जातो.

त्यांची वाडी शाखेपासून दोन तासांच्या पायवाटेवर. जूनचा पहिला आठवडा होता. वळीव होऊन गेले होते आणि मोसमी पाऊस दारात उभा होता. खाचरांच्या कडेला राबाच्या जागा काळ्याभोर दिसत होत्या. फेब्रुवारीपासून ऐनाच्या फांद्या, शेण, पातेरा, वर माती असे थर रचून ठेवतात आणि उन्हाळ्यात भाजतात. राखेखालचं तण मरतं आणि त्याच जागी भाताचा पेर होतो. तो धूर एप्रिलभर सगळ्या तालुक्यावर रेंगाळतो. खोली सोडून तीस वर्षं झाली तरी कुठं पालापाचोळा पेटलेला दिसला की मला आधी एप्रिलच आठवतो.

वाटेत पहिलाच माणूस भेटला. कुठं निघालात? मी वाडीचं आणि त्या गृहस्थांचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "हां, म्हशीचं." दुसरा म्हणाला, "आकडा चुकला ना?" ओढ्यावरच्या बाईंनी विचारलंच नाही, नुसत्या म्हणाल्या, "तुम्हीच का ते?" सगळ्या मुलखाला ठाऊक होतं. दोन तासांची वाट मी खाली मान घालून चाललो.

अर्ध्या वाटेवर एक आजी भेटल्या, ओटीत काहीतरी गोळा करत होत्या. त्याच वाडीच्या. म्हणाल्या, चल माझ्यामागून, पण मी थांबेन तिथं थांबावं लागेल. त्या शेवळं काढत होत्या. आमच्या कायस्थ घरात शेवळाचं कालवण म्हणजे वर्षातून दोनदाच होणारा सण. आई जांभळी नाक्याच्या बाजारातून जुड्या आणायची, घरातले सगळे स्वयंपाकघराच्या दारात. इतकी वर्षं खाऊनही शेवळं उगवतात कशी हे मी पाहिलं नव्हतं. उघडी जमीन असते, पान नाही, पाला नाही, आणि मातीतून एक जांभळट-तपकिरी टोक सरळ वर आलेलं असतं. आजी ते दोन बोटांत धरून हलकेच फिरवत आणि बुडातून मोडून घेत. कंद खाली ठेवायचा. "तो काढलास तर पुढच्या साली काय खाशील?" त्यांनी वरचं वेष्टण उघडून मला आतला दांडा दाखवला, त्याच्यावरचा पिवळा दाणेदार भाग नखानं खरवडून टाकला. हा पोटात गेला तर घसा खाजून मरशील. आणि काकडं, म्हणजे ती आंबट रानफळं, घातल्याशिवाय शिजवायचं नाही. हे सगळं आई दर वर्षी याच शब्दांत सांगायची. मला एकदम वाटलं की ठाण्यातल्या आमच्या स्वयंपाकघरातली ती अक्कल या आजींच्या ओटीतूनच कधीतरी तिकडे आली असणार, जुडीबरोबर फुकट.

त्या थांबत तिथं मी थांबत होतो. दोन तासांची वाट साडेतीन तासांची झाली. मी तोवर ती दोनदा चाललो होतो आणि माझ्या लेखी तिथं साग, ऐन आणि दगड होते. त्या दिवशी मला टाकळ्याची पहिली दोन पानं दिसली, कवळ्याचा कोंब, भारंगी कुठं येते ते झुडूप, आणि एक मोह, ज्याच्या खालची जमीन फुलं वेचायला मार्चात झाडून ठेवतात, म्हणून तिथं अजून गवत नव्हतं. बघायला शिकायचं तर ज्याला तिथून काही न्यायचं आहे अशा माणसाच्या मागून चालावं लागतं, असं माझं मत तेव्हापासून आहे. निसर्गप्रेमी मंडळींबरोबर मी नंतर पुष्कळ हिंडलो. ते पक्ष्यांची नावं उत्तम सांगतात. पण चार तासांत एकदाही खाली बघत नाहीत.

वाडीवर पोचलो तेव्हा ते गृहस्थ छपराला पेंढा चढवत होते. खाली उतरले. मी काय झालं ते सांगितलं, चूक माझी आहे हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, अंगठा पुढं केला, शाईचं पॅड माझ्या हातात थरथरत होतं ते त्यांनीच धरलं. मग चहा आला, कोरा, गुळाचा. पुढं सप्टेंबरात विम्याची रक्कम आली ती नियमाप्रमाणे थेट कर्जखात्यात जमा झाली. खातं निरंक. ते सांगायला मी परत गेलो. मला वाटलं होतं हातात काहीच आलं नाही म्हणून चिडतील. ते जरा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"म्हंजे आता म्हस पण नाय न कर्ज पण नाय?"

"नाही."

"मंग झालं की," असं म्हणून ते इतके मोठ्यानं हसले की आतून पोरं बाहेर आली.

त्या हिवाळ्यात मी नाणेघाट चढलो. तेही कामासाठीच. मामांच्या घरचं लग्न होतं आणि वर घाटघरला पत्रिका द्यायची होती. वैशाखऱ्याच्या बाजूनं वाट चढते. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नरकडे जाणारा माल याच नाळेतून जायचा. वर तोंडाशी दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणतात. थोडं खाली लेणं आहे आणि तिथल्या भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी लेख. दोन हजार वर्षांपूर्वीचा. मी त्याच्याकडे बँकेतल्या माणसाच्या नजरेनं पाहिलं, दुसरी नजर मला नव्हती. लेखात कोणकोणते यज्ञ केले आणि दक्षिणा काय दिली याची यादी आहे. गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी, हजारांच्या संख्येनं. राजघराण्याचं खातेपुस्तकच म्हणायचं, फक्त दगडावर. आपल्या देशातल्या अंकांचा अगदी जुना पुरावा म्हणून हा लेख जगभर नावाजला जातो. सोबतच्या एका शिक्षकांनी मला त्यातले अंक दाखवले. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन. साताची आकृती साफ वेगळी. त्या लेखनिकाच्या हातून एकाचा सात किंवा साताचा एक व्हायची सोयच नव्हती. मी बराच वेळ तिथं उभा होतो. शिक्षकांना वाटलं मी इतिहासात रमलोय.

त्याच लेण्यात राजकुटुंबाच्या मूर्ती होत्या. वर नावं कोरलेली आहेत, मूर्ती फुटून गेल्यात. काहींची नुसती पावलं उरली आहेत.

मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावची जत्रा पौष पौर्णिमेला भरते, तिथं तिन्ही वर्षं गेलो. बैलांच्या बाजाराचं वर्णन करण्यात अर्थ नाही, तो धुरळा लिहिता येत नाही. तिथून घेतलेलं घोंगडं मात्र अजून आहे. चिंचोक्याची खळ दिलेलं, पहिल्या वर्षी पत्र्यासारखं ताठ. बायकोला त्याचा वास सहन होत नाही.

आणि उन्हाळा. शेजारच्या शहापूर तालुक्यात तानसा, भातसा, वैतरणा. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतंय. त्याच तालुक्यात मी एप्रिलमध्ये बायकांना टँकरमागं हंडे घेऊन धावताना पाहिलंय. धरण उशाला, कोरड घशाला ही म्हण तिथं कोणी म्हण म्हणून वापरत नाही. आमच्या ठाण्याच्या घरात नळ चोवीस तास होता, आणि आई भांडी घासताना तो बंद करायची नाही. तिथून परत आल्यावर मी एकदा तिच्यावर ओरडलो. तिला कारण कळलं नाही, मलाही नीट सांगता आलं नाही.

१९९४ ला बदली होऊन परत आलो. पुढचं आयुष्य जसं जातं तसं गेलं. आता निवृत्त आहे, घोडबंदर रोडला राहतो आणि सकाळी येऊरला चालायला जातो. तिथं सगळे चालतात. मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजतात. कोणी कोणाला काही विचारत नाही. येऊरचा डोंगर म्हणजे राष्ट्रीय उद्यानाचा कडा. २००९ मध्ये माळशेज घाटात सोडलेला एक बिबट्या, गळ्यात जीपीएसचा पट्टा, संशोधकांनी त्याला आजोबा नाव दिलं होतं, महिन्याभराच्या आत सव्वाशेएक किलोमीटर चालून या उद्यानाच्या परिसरात आला. म्हणजे माझ्यासारखाच डोंगरीतून नागरीत, मात्र रात्रीचा आणि पायी. महामार्ग ओलांडून, खाडी पोहून. इतक्या लांब कशासाठी निघाला होता हे कोणालाच सांगता आलं नाही. त्याला एकदाही कोणी हटकलं नाही. २०११ मध्ये तो महामार्गावर गाडीखाली गेला. ती बातमी मी दोनदा वाचली.

डिसेंबर २०१६ मध्ये दुसरी बातमी आली. आमच्याच पट्ट्यातलं धसई राज्यातलं पहिलं रोकडविरहित गाव जाहीर झालं होतं. वडापाववाल्याकडे कार्डाचं यंत्र आल्याचा फोटो होता. मला आमच्या काउंटरवरचं ते सागाचं पान आठवलं.

मागच्या वर्षी जूनमध्ये राहवलं नाही, गेलो. रस्ता मोठा झालाय. पाटी दिसली म्हणून एसटीतून उतरलो आणि वाडीच्या दिशेनं चालायला लागलो. पायवाटेचा डांबरी रस्ता झाला होता, दोन्ही बाजूंना तारेची कुंपणं, आत आंब्याची कलमं आणि पत्र्यावर रंगवलेले मोबाइल नंबर. वीस मिनिटं कोणीच भेटलं नाही. मग मागून मोटरसायकल आली, पोरगं पंचविशीचं, थांबलं.

"काय काका, प्लॉट बघायला का?"

म्हणजे मोकळ्या माणसाचा अर्थ आता हा होता. मी नाही म्हणालो. वाडीवर जातोय म्हणालो.

"कोणाकडं?"

मी त्या गृहस्थांचं नाव सांगितलं.

"ते वारले की. धा वर्षं झाली." मग माझ्याकडे नीट बघत, "तुम्ही वळखीचे?"

"थोडे. त्यांची म्हैस मेली होती एकदा."

पोरगं हसायला लागलं. "कानवाली म्हस! ती गोष्ट आमच्यात अजून सांगतात. कान घेऊन बँकेत गेले, न त्या बँकवाल्यानं साताचा एक केला. लिहिताच येत नव्हतं म्हणे त्याला." पुढं त्यानं सगळी गोष्ट सांगितली. तिच्यात म्हशी दोन होत्या, मॅनेजर बेशुद्ध पडला होता आणि शेवटी बाबांनीच बँकवाल्याला बोट धरून आकडे शिकवले होते.

"मग त्या बँकवाल्याचं काय झालं?" मी विचारलं.

"त्याचं काय होणार? बदली झाली आसंल," तो म्हणाला आणि मागची सीट हातानं पुसली. "बसा. वर चढ हाये."